उपकार मानायचे की फेडायचे?

रात्रीचे साडेआठ वाजले आहेत. वसईतल्या एखाद्या घरात ताटे वाढून झाली आहेत. भाकरीची वाफ अजून विरलेली नाही आणि धाकट्याचा हात तळलेल्या बोंबलाकडे निघालाही आहे. तेवढ्यात आजीचा आवाज येतो, "थांब रे बाळा, आधी प्रार्थना." हात मागे जातो, डोळे मिटतात, कपाळावरून छातीवर क्रुसाची खूण होते. समोरच्या अन्नाबद्दल देवाचे आभार मानले जातात, 'आमेन' होते आणि मग पहिला घास मोडला जातो.

यात एक कोडे आहे. ज्या आईने तासभर गॅसपुढे उभे राहून हे सगळे केले, तिला त्या घरात कुणी 'आभारी आहे' म्हणत नाही. मराठी घरात तशी रीतच नाही. मुलाने जेवून उठताना आईला 'धन्यवाद' म्हटले, तर ती आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघेल. आपल्या माणसांचे आभार मानले की ती एकदम परकी झाल्यासारखी वाटतात. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या देवाचे आभार प्रत्येक जेवणाला, आणि समोर वावरणाऱ्या माणसाचे एकदाही नाहीत, हे कसे?

ख्रिस्ती जीवनात कृतज्ञता नेमके काय काम करते, हे समजून घ्यायला हे कोडे सोयीचे आहे. त्याचे अर्धे उत्तर मराठी भाषेनेच देऊन ठेवले आहे.

एक नाम, दोन क्रियापदे

मराठीत उपकार 'फेडता' येतात आणि उपकार 'मानता' येतात. फेडणे हे हिशेबाचे क्रियापद आहे. कर्ज फेडतात, हप्ते फेडतात, नवस फेडतात. फेड पूर्ण झाली की खाते बंद होते आणि दोन्ही बाजू मोकळ्या होतात. मानण्यात मात्र खाते उघडेच राहते.

शेजारणीकडून वाटीभर साखर आणली आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर साखर परत केली, तर व्यवहार संपला. पण कितीतरी घरांत 'वाटी रिकामी परत पाठवू नये' असा दंडक असतो. साखरेची वाटी चार करंज्या घेऊन परत जाते. तीच वाटी आठवड्याने लोणच्याची फोड घेऊन येते. कुणी कुणाचे किती देणे लागते, हे काही दिवसांनी दोघींनाही सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणूनच शेजार टिकतो.

फेडण्याची घाई होते त्यामागे भीती असते. मराठीत तिला नेमका शब्द आहे: मिंधेपणा. 'कुणाचे मिंधे राहायचे नाही' हे वाक्य घराघरांत ऐकू येते. उपकार घेतला की मान खाली जाते, देणाऱ्यापुढे तोंड उघडता येत नाही, हा त्यातला अनुभव खरा आहे. म्हणून माणसे लवकरात लवकर परतफेड करून टाकतात, किंवा ज्याने मदत केली त्यालाच टाळू लागतात.

मराठी ख्रिस्ती समाजात देवाचे आभार मानण्याच्या विधीला 'उपकारस्तुती' म्हणतात. या शब्दात फेडीची सोय नाही. उपकार झाला आहे आणि तो तोंडाने बोलून दाखवायचा आहे, इतकेच त्यात आहे. ख्रिस्ती विचार सांगतो की देवाचे देणे माणसाला फिटणारे नाही, आणि ते फेडावे अशी देवाची अपेक्षाही नाही. मग त्या न फिटणाऱ्या देण्याचे काय होते? ते कुठे जाते? पुढची सगळी गोष्ट या प्रश्नाची आहे.

शिळे ठेवायचे नाही

बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचे पुस्तक आहे. त्याच्या सातव्या अध्यायातले अर्पणांचे नियम वाचायला रुक्ष आहेत, पण एक नियम फार शहाणपणाचा आहे. आभाराचे अर्पण करणाऱ्या यहुदी माणसाने जनावर आणायचे. त्याचा काही भाग वेदीवर जाई, काही याजकाला मिळे, आणि उरलेले मांस अर्पण करणाऱ्याने खायचे. सोबत तेलात मळलेल्या बेखमीर पोळ्या, पातळ पापुद्रे आणि खमीर घातलेल्या भाकरीही असत. अट अशी की हे सारे त्याच दिवशी संपले पाहिजे, सकाळपर्यंत काही उरता कामा नये. नवसाच्या अर्पणाला ही सक्ती नव्हती. ते दुसऱ्या दिवशीही खाल्लेले चाले.

एक अख्खा बोकड आणि टोपलीभर भाकरी एका कुटुंबाने एका दिवसात संपवायच्या कशा? शेजारपाजार, सोयरे, वाटेवरचा पाहुणा, सगळ्यांना बोलावल्याशिवाय इलाज नाही. आणि पंगत बसली की कुणीतरी विचारणारच, "काय निमित्त?" मग यजमानाला आपल्या सुटकेची गोष्ट सांगावी लागणार. नियमामागे हाच हेतू असावा, असे जुन्या भाष्यकारांनीही म्हटले आहे. आभार देवाचे, पण जेवण माणसांचे, अशी ही व्यवस्था होती.

रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाचा 'मलिदा' इथे आठवावा. गोड पोहे, ओले खोबरे, फळे यांचे ताट मांडून, प्रेषित एलियाहूचे स्मरण करून देवाचे आभार मानायचे आणि मग ते ताट जमलेल्यांत वाटायचे. येशू ज्या घरात वाढला, तेही याच परंपरेतले यहुदी घर होते. आभार मानायचे तर चार माणसे जमवायची, हे त्याला वेगळे शिकावे लागले नसेल.

दहांतला एक

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. गावाबाहेर राहणाऱ्या या दहा जणांनी येशूला लांबूनच हाक मारली. त्याने त्यांना याजकांकडे जायला सांगितले आणि वाटेतच ते बरे झाले. त्यांतला एक जण मोठ्याने देवाची स्तुती करत मागे फिरला आणि येशूच्या पाया पडला. तो शोमरोनी होता, म्हणजे यहुदी ज्यांच्या हातचे पाणीही टाळत, त्या समाजातला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशूने विचारले.

त्या नऊ जणांना कृतघ्न ठरवण्याची घाई प्रवचनांत नेहमी होते. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्या काळच्या नियमाप्रमाणे याजकाने तपासून 'शुद्ध' ठरवल्याशिवाय रोग्याला गावात पाऊल ठेवता येत नसे. घरापासून तुटलेली ती माणसे सांगितल्याप्रमाणे धावत निघाली होती. त्यांनी आज्ञा मोडली नाही. आरोग्य त्यांनाही मिळाले.

फरक पडला तो नजरेत. नऊ जणांची नजर मिळालेल्या गोष्टीवर होती, एकाची देणाऱ्यावर गेली. सारा अल्गो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१२ मध्ये कृतज्ञतेचे काम तीन क्रियापदांत मांडले: शोधणे, आठवणे, बांधणे. आपल्यासाठी मनापासून काही करणारे माणूस कोण, हे कृतज्ञता शोधून देते. जुन्या माणसाची नव्याने आठवण करून देते. आणि त्याच्याशी नाते घट्ट बांधते. शोमरोनी माणसाच्या बाबतीत तिन्ही गोष्टी त्या एका वळणावर झाल्या. एक गोष्ट मात्र चटका लावते. रोग होता तोवर यहुदी आणि शोमरोनी एकत्र राहत होते. दुखण्याने जमवलेली ती टोळी बरे होताच फुटली.

> चौकट : शब्द काय सांगतात
>
> कृतज्ञ – केलेले जाणणारा. या शब्दात भावनेपेक्षा जाण आधी येते. उलट कृतघ्न म्हणजे केलेल्याचा घात करणारा.
>
> तोदा – हिब्रूत आभार, आणि आभाराचे अर्पणही. आजच्या इस्रायलमध्ये दुकानात सुटे पैसे परत घेतानाही हाच शब्द म्हणतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठीभाषक ज्यूंच्या तोंडीही तो आहे.
>
> खारिस – ग्रीकमध्ये कृपा, देणगी आणि तिच्याबद्दलचे आभार, तिन्हींना एकच शब्द. जाणारी वाटी आणि येणारी वाटी यांना एकच नाव असावे तसे.
>
> यूखारिस्तिया – ग्रीकमध्ये उपकारस्तुती. कॅथलिकांचा मिस्सा आणि प्रोटेस्टंटांचे प्रभुभोजन ज्या विधीतून आले, त्याचे हे अगदी जुने नाव.

तुरुंगातून आलेली पोच

मिंधेपणाशिवाय उपकार कसा घ्यावा, याचा नमुना बायबलमध्ये एका पत्रात सापडतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात संत पौल तुरुंगात होता. मासेदोनियातल्या फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीने त्याच्यासाठी मदत पाठवली. ती घेऊन आलेला एपफ्रदीत नावाचा माणूस जिवावरच्या आजारातून उठला आणि परत निघाला. त्याच्या हाती पौलाने पत्र दिले, तेच 'फिलिप्पैकरांस पत्र'.

त्याच्या शेवटच्या अध्यायात मदतीचा विषय निघतो आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. मदत मिळाल्याचा आनंद पौल सांगतो. कमी-जास्त कशातही भागवून घ्यायला आपण शिकलो आहोत, हेही सांगतो. तुमची देणगी देवाला आवडणारे सुवासिक अर्पण आहे, असे म्हणतो. पण 'मी तुमचा आभारी आहे' असे सरळ वाक्य मात्र कुठेच नाही. उलट 'सगळे भरून पावलो' या अर्थाचा जो ग्रीक शब्द त्याने वापरला आहे, तो त्या काळी पैशाच्या पावतीवर लिहीत. आभाराच्या जागी त्याने पोच दिली! बायबलच्या अभ्यासकांनी या विचित्र आभारांवर पुष्कळ लिहिले आहे.

उलगडा त्या काळच्या रोमी समाजात आहे. तिथे सकाळ उजाडताच आश्रित मंडळी धनवंताच्या दारात मुजऱ्याला हजर होत. धनवंत त्यांना अन्न, पैसा, संरक्षण देई आणि ते त्याचे गोडवे गात, त्याच्यामागून चालत, लागेल तिथे त्याची बाजू घेत. सेनेका या तत्त्वज्ञाने उपकार कसे करावेत आणि कसे घ्यावेत, यावर सात भागांचा ग्रंथ लिहिला, इतका हा मामला गंभीर होता. अशा जगात 'मी तुमचा ऋणी' म्हणणे म्हणजे 'मी तुमचा माणूस' म्हणणे. करिंथच्या मंडळीचा पैसा पौलाने घेतला नव्हता. फिलिप्पैचा घेतला, पण त्याचा मिंधेपणा होऊ दिला नाही.

ते त्याने साधले तिसरा कोन घालून. पत्राच्या आरंभीच तो म्हणतो की तुमची आठवण येते तेव्हा मी देवाचे आभार मानतो. आभार देवाचे, पण कारण म्हणून समोरच्या माणसांचे नाव. आणि ते वाचून दाखवले जाणार त्याच माणसांपुढे. देणारा आणि घेणारा अशी वर-खाली असलेली दोन टोके न राहता दोघेही एकाच दात्याकडून घेणारे होतात. फिलिप्पैकरांनी दिले ते त्यांनाही मिळालेलेच होते. त्यामुळे देणाऱ्याची मान ताठ होत नाही आणि घेणाऱ्याची खाली जात नाही.

आता वसईतल्या त्या ताटांकडे पुन्हा पाहावे. जेवणाआधीच्या प्रार्थनेत अन्नाबद्दल देवाचे आभार मानताना कितीतरी घरांत ज्या हातांनी ते केले त्या हातांसाठीही आशीर्वाद मागतात, आणि ज्यांच्या ताटात काही नाही त्यांची आठवण काढतात. आई तिथेच बसलेली असते, तिला ते ऐकू येते. तिला परकी न करता तिचे आभार मानून झालेले असतात.

सहा लाखांना एक

पण देवाकडे वळवलेले आभार तिथेच थांबले, तर माणसामाणसांतल्या नात्याला त्याचा काय उपयोग? मत्तयच्या शुभवर्तमानातला एक दाखला या प्रश्नाला थेट आकड्यांनी भिडतो.

एका राजाचा चाकर दहा हजार तालांतांचा देणेकरी होता. त्याने गयावया केली, राजाला कळवळा आला आणि सगळे कर्ज माफ झाले. बाहेर पडताच त्याला शंभर दिनार देणे असलेला सोबतचा चाकर भेटला. याने त्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकले.

या रकमांचा अर्थ आज पटकन लागत नाही. दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. म्हणजे शंभर दिनार ही साडेतीन-चार महिन्यांची कमाई. छोटी रक्कम नव्हे. मात्र एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. दहा हजार तालांतांचे झाले सहा कोटी दिनार. वर्षाला तीनशे दिवस राबणाऱ्या मजुराला तेवढे मिळवायला दोन लाख वर्षे लागली असती. दुसरी तुलना अशी: हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून वर्षाला दोनशे तालांत उत्पन्न मिळत असे, अशी नोंद इतिहासकार योसेफसने केली आहे. चाकराचे कर्ज म्हणजे त्या राज्याचे पन्नास वर्षांचे उत्पन्न! ऐकणारे शेतकरी आणि कोळी त्या आकड्यानेच अवाक झाले असतील.

माफ झालेले कर्ज आणि वसुलीला धरलेले कर्ज यांचे प्रमाण सहा लाखांना एक. राजाने चाकराकडे परतफेड मागितली नव्हती. मिळालेली माफी पुढच्या माणसापर्यंत जावी, एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि ती मोडली तेव्हा तो संतापला. विहिरीवरच्या पाटासारखे हे आहे. पाणी विहिरीत परत ओतायचे नसते, पुढच्या वाफ्याला द्यायचे असते. देवाचे न फिटणारे देणे शेजाऱ्याच्या खात्यावर वळते केलेले असते. येशूने आणखी एके ठिकाणी सांगितले आहे की मेजवानी घातली तर जे उलट बोलावणे करू शकत नाहीत अशांना बोलवा. परतफेडीची शक्यताच नसलेली माणसे म्हणजे या पाटाचे शेवटचे वाफे.

दुसऱ्या शतकात ही कल्पना नियमित व्यवस्था झालेली दिसते. रोममधल्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने इसवी सन १५५ च्या सुमारास रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. भाकर आणि द्राक्षारस पुढे आणतात, मुख्य माणूस जमेल तितकी उपकारस्तुती करतो, लोक 'आमेन' म्हणतात, भाकर वाटली जाते. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देतात. मग ज्याला जे जमेल ते तो देतो आणि त्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय होते. आभाराची प्रार्थना आणि मदतीची पेटी एकाच तासात, एकाच ठिकाणी. आजही मिस्साच्या वेळी दानाची पिशवी बाकाबाकावरून फिरते, ती या जुन्या रचनेतली आहे.

लोंबी, नारळ आणि मेणाचे हात

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबईतल्या ईस्ट इंडियन गावठाणांत 'आगेरा' साजरा होतो. ईस्ट इंडियन हे उत्तर कोकण आणि मुंबईचे मूळचे मराठीभाषक कॅथलिक. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव होता, त्या वर्षी त्यांनी हे नाव घेतले. आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या सजवलेल्या बैलगाडीतून वाजतगाजत चर्चमध्ये आणतात. बायका लुगडी नेसतात. लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो आणि त्या घरोघर वाटल्या जातात. गोव्यात हेच 'कणसाचे फेस्त'. सासष्टीतल्या रायला ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला, असे गावागणिक दिवस ठरलेले. हिंदू घरांत नव्याची लोंबी दाराला बांधतात, नवान्न करतात, त्याच मातीतली ही रीत आहे. धर्म बदलला तरी पहिले पीक आपले नव्हे ही जाण राहिली.

कलिना, मरोळसारख्या गावठाणांभोवतीची शेते आता इमारतींखाली गेली आहेत. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. तरी आगेरा बंद पडलेला नाही, आणि याचे कारण समजण्यासारखे आहे. ज्या पिढीने कधी भात लावला नाही, तिला आपण कुणाच्या श्रमावर जेवतो हे वर्षातून एकदा हातात धरायला मिळते.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत हंगामाच्या सणाला वेगळी गंमत असते. ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, कोंबड्या, घरचे लोणचे, जे असेल ते लोक चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. नारळ बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जातो. घेणारा तो पुन्हा दान करतो, आणि तोच नारळ पुन्हा बोलीवर चढतो. बाजाराचा हिशेब इथे उलटा चालतो. वस्तू जितक्या जास्त हातांतून जाईल तितकी तिची किंमत वाढते.

आणि फेडण्याचे काय? तेही ख्रिस्ती जीवनातून हद्दपार झालेले नाही. वांद्र्याच्या मोत माऊलीची, म्हणजे माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. टेकडीच्या वाटेवर मेणाचे हात, पाय, बाळे, घरे विकायला मांडलेली असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवे तो घर. हिंदू, ख्रिस्ती, पारशी सगळे येतात. नवस बोलतात, पुढच्या वर्षी फेडायला येतात. काही धर्मपंडित याकडे सौदा म्हणून पाहतात. पण त्या रांगेत उभे असलेल्यांचे ऐकले तर फेडून मोकळे झालेले फार थोडे भेटतात. एकदा नवस फेडलेली बाई पुढच्या वर्षी काही न मागता पुन्हा येते, सोबत नातवंडाला आणते. फेडायला आलेले माणूस हळूहळू मानायला लागते, ही वाट त्या टेकडीवर दर सप्टेंबरला दिसते.

प्रयोगशाळेत काय आढळले

हा सगळा श्रद्धेचा भाग झाला. पण मिळालेले पुढे देण्याची जी हालचाल दाखल्यात सांगितली आहे, ती मोजताही येते.

अमेरिकेत बार्टलेट आणि डेस्टेनो या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर कंटाळवाणे काम करत असलेल्या माणसाचा संगणक ऐन वेळी बंद पडे. शेजारी बसलेली व्यक्ती खटपट करून तो सुरू करून देई. ती अर्थात प्रयोगकर्त्यांचीच होती. पुढे मदतीची विनंती आली, तेव्हा ज्यांचे काम असे वाचले होते त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ दिला. विनंती करणारा पूर्ण अनोळखी असला, तरीही.

ग्रँट आणि जिनो यांनी २०१० मध्ये दुसरी बाजू तपासली: ज्याचे आभार मानले जातात, त्याचे काय होते? एका विद्यार्थ्याच्या अर्जावर सूचना देणाऱ्या लोकांना नुसते 'सूचना मिळाल्या' असे उत्तर गेले, तेव्हा त्यांतल्या ३२ टक्के लोकांनी पुन्हा मदत केली. उत्तरात आभाराचे दोन शब्द असले, तर ६६ टक्के लोकांनी. दुसऱ्याच एका विद्यार्थ्याने मदत मागितली, तरी आभार ऐकलेल्यांपैकी ५५ टक्के पुढे आले, न ऐकलेल्यांपैकी २५ टक्के. आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत, हे त्या दोन शब्दांनी त्यांना कळले होते.

मग माणसे आभार मानायला का कचरतात? कुमार आणि एप्ली यांच्या २०१८ च्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल, असे लिहिणाऱ्यांना वाटत होते. वाचणाऱ्यांना विचारले, तर त्यांना वाटलेला संकोच अंदाजापेक्षा कमी होता आणि आनंद कितीतरी जास्त. 'घरच्यांना कसले धन्यवाद' म्हणणाऱ्या मराठी माणसाने हा निष्कर्ष जरूर मनावर घ्यावा. शब्द 'धन्यवाद' नसला तरी चालेल. 'आज कालवण झकास झालंय गं' हेही तेच काम करते.

कृतज्ञता ही सवय लावूनही येते, हे एमन्स आणि मॅककुलो यांच्या २००३ च्या अभ्यासाने गाजवले. आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टींची यादी करणारे विद्यार्थी कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. रोज अशी यादी करणाऱ्यांनी इतरांना अधिक आधार दिल्याचेही सांगितले. नंतरच्या अभ्यासांत हे परिणाम माफकच निघाले. कृतज्ञतेची वही हे औषध नव्हे.

येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने सोळाव्या शतकातच अशी रोजची उजळणी बसवली होती. तिचे पाच टप्पे आहेत. आपल्या चुका शोधणे हा त्यात नंतरचा टप्पा. पहिला टप्पा दिवसभरात मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार. या क्रमात खोल समज आहे. आपण कुणाचे तरी लाडके आहोत हे आधी कळले, की चूक कबूल करायला माणूस कमी घाबरतो. आईच्या मांडीवर बसलेले पोर फुटलेल्या कपाची गोष्ट लवकर सांगते.

आजीबाईंना पत्रे

कृतज्ञतेचा गैरवापरही होतो, आणि ख्रिस्ती संस्था त्यातून सुटलेल्या नाहीत. 'इतके केले तुझ्यासाठी, आता तोंड वर करून बोलतोस?' हे वाक्य घरात, वसतिगृहात, मठात कुठेही उच्चारता येते. दुःखात असलेल्याला 'देवाचे आभार मान, याहून वाईट होऊ शकले असते' असे सांगून गप्प बसवणेही त्यातलेच. बायबलने तशी सक्ती केलेली नाही. त्यातल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. देवाला जाब विचारणारी, रडणारी, भांडणारी. जिथे भांडता येत नाही तिथले आभार मुजऱ्याचे असतात.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा पेच प्रत्यक्ष उभा राहिला. १८८३ मध्ये त्या आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन मठातल्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डीन यांना त्या आजीबाई म्हणत. विधवा, परक्या देशात, पदरात मूल, खर्च दुसऱ्याचा: मिंधेपणाला यापेक्षा सुपीक जमीन नाही. तरी त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि चर्चच्या अधिकारावर रमाबाईंनी प्रश्न विचारले. इंग्लंडमधल्याच चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यात बिशपांनी हस्तक्षेप केला, तेव्हा आपल्या सदसद्विवेकाचा निर्णय आपण करू, असे त्यांनी बजावले. जेराल्डीनबाई दुखावल्या. त्यांना ही कृतघ्नता वाटली.

रमाबाईंनी उपकार नाकारले नाहीत आणि आज्ञाधारकपणाने ते फेडलेही नाहीत. भारतात परतल्यावर त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. तरुणपणी उपासमारीत आईवडील गमावलेल्या या बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रियांना आणून आसरा दिला. केडगावचे 'मुक्ती' सदन त्यातूनच उभे राहिले. वाँटेजला मिळालेला आसरा पाटाच्या पाण्यासारखा पुढच्या वाफ्यांत गेला होता.

पत्रव्यवहार मात्र थांबला नाही. वादाची, रुसव्याची, मायेची ती पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनीच जपून ठेवली, लावून घेतली, त्यांवर आपली टिपणे लिहिली. रमाबाईंनी ज्यांत त्यांचे म्हणणे खोडून काढले होते ती पत्रेही त्यांनी त्यात ठेवली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती मुंबईतून पुस्तकरूपात प्रसिद्ध केली. इंग्रजीत लिहिलेल्या त्या पत्रांमध्ये, नव्वद-शंभर वर्षांनीही, 'आजीबाई' हा मराठी शब्द जसाच्या तसा आहे.